तात्यांना गावातच राहायचंय

प्रश्न : आमचे थोरले चुलते गगनबावड्याजवळच्या एका वाडीत राहतात. पाच वर्षांपूर्वी फणसावरून पडले, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चुलती वारली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो, ‘घराला कुलूप घाला आणि चला.’ तात्या ऐकत नाहीत. ‘मी हितंच राहणार,’ एवढंच म्हणतात. गाव त्यांना हट्टी म्हणतं, खरं सांगायचं तर मीही म्हणतो. पण शंका येते म्हणून विचारतो. आमच्या पावसात, आमच्या चढउतारावर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला एकट्यानं राहता येतं का? की हे शहरातल्या लोकांचं बोलणं? आणि राहता येत असेल तर त्याला हात कोण देतं?
— एक वाचक, ता. गगनबावडा

उत्तर : राहता येतं. मात्र तुमच्या तालुक्यात एकटं असं धडधाकट माणूसही राहत नाही. रोपलागणीला पैरा लागतो, कौलं चाळायला चार जण लागतात, रात्री कुणाला ताप भरला तर गाडी शेजाऱ्याचीच निघते. या मदतीमुळे कुणी तुम्हाला परावलंबी म्हणत नाही, कारण काय करायचं ते तुम्ही ठरवता. तात्या तेवढंच मागताहेत. त्यांनी मदत नाकारलेली नाही, पुण्याचा फ्लॅट नाकारलाय.

त्यात ते कायद्यालाही धरून आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं पाचवं कलम दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतं. अमुकच ठिकाणी, अमुक व्यवस्थेतच राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. शिवाय घरी किंवा गावात मिळणाऱ्या आधारसेवा, त्यात मदतनीसही आला, त्याच्यापर्यंत पोचाव्यात असंही त्यात आहे. हे सगळं २००७ साली भारतानं मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातून आलं. आता हा कायदा घेऊन तात्या तहसीलदारांसमोर गेले म्हणून उद्या दारात मदतनीस उभा राहणार नाही. पण हट्टी कोण, एवढा वाद तरी मिटावा.

मदत घ्यायची, पण ठरवायचं आपण, या विचाराची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. एड रॉबर्ट्स नावाच्या मुलाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काहीच हलेना, रात्री श्वासासाठी लोखंडी पिंपासारख्या यंत्रात झोपावं लागे. हा मुलगा १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. वसतिगृहात ते यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यात राहिला. मदतनीस त्यानं स्वतः निवडले, कधी काय करायचं ते स्वतः सांगितलं. १९७२ मध्ये त्यानं आणि त्याच्यासारख्या मित्रांनी तिथं एक केंद्र उघडलं. मदतनीस शोधून देणं, खुर्च्या दुरुस्त करणं, राहण्याजोगी घरं सुचवणं, ही त्यांची कामं. ती चालवणारे बहुतेक स्वतः दिव्यांग. ज्या सरकारी खात्यानं ‘हा कधी नोकरी करू शकणार नाही’ म्हणून त्याचा अर्ज अडवला होता, त्याच खात्याचा प्रमुख म्हणून १९७५ मध्ये त्याची नेमणूक झाली! रॉबर्ट्सला स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलाही उचलता येत नव्हता, तरी त्याच्या दिवसाचा मालक तोच होता.

पण बर्कलीपर्यंत कशाला जायचं? तुमच्या एसटीच्या शेवटच्या थांब्यावर, कोल्हापुरातच याची मोठी परंपरा आहे. नसीमा हुरजूक यांचे पाय सोळा-सतराव्या वर्षी गेले. त्यांना अंथरुणातून बाहेर काढलं ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीनं. बाबूकाकांचंही कमरेखालचं शरीर लुळं, पण हा गृहस्थ स्वतःचा कारखाना चालवायचा आणि हातानं चालेल अशी बदल केलेली मोटार स्वतः हाकायचा. उपदेशापेक्षा ती मोटार जास्त कामाला आली असणार. पुढे नसीमाताईंनी केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. पोलिओला न जुमानता गाणाऱ्या रजनी करकरे-देशपांडे याही सुरुवातीपासून सोबत होत्या. उचगावला ‘घरौंदा’ वसतिगृह आणि समर्थ विद्यामंदिर, घाटाखाली सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’चा काजूप्रक्रिया कारखाना, असा हा पसारा वाढत गेला. नसीमाताईंचं आत्मचरित्र ‘चाकाची खुर्ची’ मिळालं तर तात्यांना द्या. त्याआधी मुलाला वाचायला द्या, त्याला जास्त गरज आहे.

या संस्थांना मी कमी लेखत नाही. डोंगरातल्या मुलाला गावच्या शाळेच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या, तेव्हा वसतिगृहानंच त्याला शिकवलं. पण तो मुलगा शिकून सुट्टीला घरी आला की पायऱ्या जिथल्या तिथंच असतात. कोल्हापुरात जे आहे ते पंचावन्न किलोमीटरवर आहे, आणि पावसाळ्यात मांडुकलीपाशी कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलं की तेही नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा तालुक्यात स्वतंत्र जगण्याचा प्रश्न आधी घराच्या दारात सोडवावा लागतो.

म्हणून दारापासून सुरुवात करू. तुमच्याकडची घरं पावसामुळे उंच जोत्यावर असतात. उताराचं माप साधं आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दोन फुटांचं असेल तर उतार चोवीस फूट हवा. तेवढं अंगण असतं कुणाचं? मग गवंडी आठ फुटांत उरकतो आणि घसरगुंडी तयार होते. त्यावरून खाली येणारा माणूस खुर्चीसकट गडगडतो, वर चढताना मागं कलंडतो. त्यापेक्षा मागचं दार बघा. डोंगरउतारावरच्या घराला पुढून जोतं दोन फूट असलं तरी परसाकडची जमीन बऱ्याचदा उंबऱ्याला लागून असते. तिथून वाट काढली तर काम निम्म्यावर येतं. डोंगरातून येणारं पाणी अडवायला वरच्या अंगाला चर मात्र मारावा लागेल. उताराला गुळगुळीत फरशी नको, जुलैत तिच्यावर शेवाळ धरणारच. सिमेंट ओलं असताना खराट्यानं आडव्या रेघा ओढायच्या, कडेला पाइपाचा कठडा आणि वर पत्रा पुढं ओढून घ्यायचा. मोरीत हातानं धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा, संडासात कमोडची खुर्ची. चूल ओट्यावर असेल तर ओट्याखाली गुडघे जातील एवढी जागा मोकळी ठेवायची.

खुर्चीचं म्हणाल तर शिबिरात मिळेल ती आणायची घाई नको. केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून, बहुधा कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्याची साधनं मिळतात. आधी मोजमापाचं शिबिर होतं, वाटप नंतर. मोजमापाला तात्यांनी स्वतः गेलंच पाहिजे. दवाखान्यात दिसते त्या घडीच्या खुर्चीची पुढची चाकं एवढीशी असतात, तुमच्या लाल चिखलात ती रुततात आणि माणूस तोंडावर पडतो. घरात ती चालेल, बाहेरसाठी मोठ्या चाकांची तीनचाकी मागा.

आता एक गोष्ट, जी लोक लाजेपायी बोलत नाहीत. संवेदना नसलेल्या बुडाला आणि टाचांना जखम झालेली कळत नाही. बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलायचं, रात्री कूस बदलायची, रोज आरशानं मागची कातडी बघायची. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, ओलसर चड्डीवर तासभर बसलं तरी कातडी सोलते. अशी जखम हाडापर्यंत गेली की माणूस सहा-सहा महिने पालथा पडून राहतो. चूल पेटवण्याआधी चड्ड्या आणि चादरी वाळवायची सोय करा म्हणालो तर हसू नका. आशाताईंना ही बाब मोकळेपणी सांगून ठेवा. आरोग्य केंद्राशी दुवा त्याच आहेत.

कागदांचं काम मृगाच्या आत उरका. पहिला कागद म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं वैश्विक ओळखपत्र, ज्याला स्वावलंबन कार्डही म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. जिल्ह्यात त्यासाठी बहुतेकांची वाट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडेच जाते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं की बाकीची दारं उघडतात. एसटीत तिकिटाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते, दिव्यांगत्व पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. गगनबावड्याला स्वतःचं आगार आहे ही जमेची बाजू. गाडीच्या पायऱ्या तेवढ्या सवलतीत उतरत नाहीत! तिथं दोन माणसांनी धरून चढवावंच लागतं. ते कसं धरायचं हे तात्यांना सांगू द्या, काखेत हात घालून ओढू नका.

पैशांचं पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी अनुदान महिना दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२५ मध्ये घेतला. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार आहे. मुलाच्या पगाराचा मुद्दा निघू शकतो, म्हणून रेशनकार्ड वेगळं आहे का ते आधी बघा. अडीच हजारांत मदतनीस ठेवता येत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. रोजचा मदतनीस ज्या घराला लागतो तिथं त्याचा पगार आजही घरच्यांच्याच खिशातून जातो, किंवा सुनेच्या नाहीतर पुतण्याच्या न मोजलेल्या तासांतून. कायद्यात काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याचा उल्लेख आहे, तेव्हा मागणी करायला आधार आहे. मुलानं पुण्यात तात्यांसाठी जी जास्तीची खोली भाड्यानं घेतली असती, तिच्या भाड्यातला काही भाग वाडीतल्याच एखाद्याला सकाळ-संध्याकाळच्या दोन तासांसाठी पगार म्हणून दिला तर? उपकार नको, पगार. पगार घेणाऱ्याला तात्या ‘असं नको, तसं कर’ म्हणू शकतील. पुतण्याला ते म्हणवत नाही.

अनुदान बँकेत जमा होतं आणि बँक लांब असते. टपाल खात्याच्या बँकेमार्फत पोस्टमन आधारवर घरी पैसे देऊ शकतो. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनंही २०१७ मध्ये बँकांना बजावलंय. ‘साहेब, आमच्याकडं तशी पद्धत नाही’ हे उत्तर ऐकावं लागलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

यंत्रणेला डोंगर चढता येत नाही असं मात्र मला कुणी सांगू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येत होतं. मतदान अधिकारी, पोलीस, चित्रीकरण करणारा अशी सगळी वरात एका मतासाठी दारात यायची. मताला दारात येणारं सरकार दाखल्याला का येत नाही, हा प्रश्न तात्यांनी जरूर विचारावा.

शेवटी ग्रामपंचायत, आणि मला सर्वांत जास्त आशा तिथंच वाटते. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही तोच नियम. तुमच्या भागातली गावं लहान, घरपट्टी-पाणीपट्टी मिळून उत्पन्न दोन लाखांचं धरलं तर पाच टक्के म्हणजे दहा हजार. हे दहा हजार वीस जणांत वाटले की प्रत्येकी पाचशे, सोबत एक फोटो आणि दिवाळीच्या शुभेच्छा. पुढच्या वर्षी पुन्हा पाचशे. यंदा एका घराचा उतार, पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या संडासाची सोय, असं ठरलं तर पाच वर्षांत पाच घरांची दारं उघडतील. ज्यांचा नंबर मागं पडेल ते नाराज होणार, सरपंचाला मतं मोजायची असतात, हे सगळं मला कळतं. म्हणून हा ठराव सरपंचावर सोडू नका. गावातल्या दिव्यांगांनी आधी एकत्र बसून क्रम ठरवावा आणि ठरलेला क्रम सभेत मांडावा. बर्कलीत तरी दुसरं काय झालं होतं!

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला तुमच्याकडे धो-धो पाऊस असतो, तात्यांना तिथं नेणं म्हणजे शिक्षा. २ ऑक्टोबरची सभा धरा. पुढच्या वर्षीच्या गावविकास आराखड्याचं काम तिथून सुरू होतं आणि जानेवारीअखेरपर्यंत चालतं, तेव्हा कागदावर नाव चढवायची वेळ तीच. जाण्याआधी आठवडाभर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या : गेल्या तीन वर्षांत पाच टक्के निधी किती जमला, कशावर खर्च झाला. आणि सभा पायऱ्यांवरच्या सभागृहात असेल तर ती खालच्या शाळेच्या पटांगणात घ्या, हेही त्याच अर्जात लिहा. अर्जावर सही मात्र तात्यांची असू द्या, तुमची नको.