सर्पगंधा : औषध आणि रान

रक्तदाबावर सर्पगंधेचे मूळ गुणकारी आहे, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविले होते. परंतु मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. त्याच्या अतिसेवनाने मन खिन्न होते. म्हणून घरगुती प्रयोग नकोत.

मागणी वाढली आणि रानावर संकट आले. पाला तोडला तर झाड पुन्हा फुटते; मूळ उपटले की झाडच संपते. १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारान्वये नियंत्रित आहे. तथापि खरा उपाय लागवडीचाच. बियांची उगवण बेभरवशाची असल्याने मुळांच्या किंवा खोडाच्या तुकड्यांपासूनही रोपे करतात. पीक हाती येण्यास दीड ते तीन वर्षे लागतात, हीच शेतकऱ्याची मुख्य अडचण.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. सर्पगंधा गावच्या शिवारात कोठे आढळते, तिची मुळे कोण व कोणत्या महिन्यात काढतो, ही माहिती शिक्षकांच्या साहाय्याने तीत घेता येईल.