इन्फेक्शन नव्हतं, खडा होता

"बायकांना असं होतंच." माझ्या दुखण्यावर गावातल्या डॉक्टरांचं हे पहिलं वाक्य. डाव्या कुशीत कळ उठते, जांघेपर्यंत उतरते, उलटी होते, लघवीला सारखं जावंसं वाटतं आणि गेलं तर चार थेंब, तेही जळजळत, असं मी सांगत होते. माझं बोलणं संपायच्या आत अँटिबायोटिक लिहून झालं होतं. मी एसटीत वाहक आहे हे कळल्यावर तर त्यांना कारणच सापडलं. "दिवसभर लघवी दाबून धरता, मग इन्फेक्शन होणारच."

गोळ्या संपल्या, जरा बरं वाटलं, पुन्हा तेच. मग गोळ्या बदलल्या. लघवीच्या रिपोर्टमध्ये लाल पेशी भरपूर होत्या. पण जंतू आहेत की नाहीत ते सांगणारं कल्चर करायला कुणी सांगितलं नाही. पुढे दुसरीकडे ते झालं, तेव्हा त्यात काही वाढलंच नाही.

मधे सोनोग्राफी झाली, तिचा राग अजून जात नाही. पाणी पिऊन, लघवी रोखून बसा म्हणाले. नंबर यायला इतका उशीर की धरवेना. जाऊन येऊ का, असं विचारूनच गेले. "या जाऊन, चालेल," म्हणाले. रिपोर्ट आला, 'खडा दिसत नाही.' डॉक्टरांनी तेवढं वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

खरं काय ते जिल्ह्याच्या ठिकाणी मूत्रविकार तज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी आधी तो जुना रिपोर्ट मागितला आणि शेवटपर्यंत वाचला. मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं: डाव्या किडनीला सौम्य सूज. मग सगळ्यात खालच्या बारीक अक्षरांवर: मूत्राशय भरलेलं नसल्याने खालचा भाग नीट पाहता आला नाही. "किडनी सुजली ती कशामुळे, हे कुणी विचारलं नाही?" मी काय सांगणार! सीटी स्कॅनमध्ये मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी पांढरा ठिपका निघाला, 7 मिलिमीटरचा. त्याच्यावरची अख्खी नळी फुगलेली.

किडनीपासून मूत्राशयापर्यंत येणारी ही मूत्रवाहिनी साधारण 25 सेंटीमीटर लांब असते आणि मूत्राशयात शिरते तिथे सगळ्यात अरुंद. खडा बहुतेक वेळा तिथेच अडकतो. तिथे बसून तो मूत्राशयाला डिवचत राहतो, म्हणून घाई आणि जळजळ, अगदी इन्फेक्शनसारखी. हाच खडा उजवीकडे असता तर अपेंडिक्स म्हणाले असते.

सीटीची फिल्म घेऊन मी मुद्दाम गावातल्या डॉक्टरांना दाखवायला गेले. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "तेव्हा नसेल हो. नंतर झाला असेल." एवढंच. पुढचा पेशंट आत.

तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते सांगते.

रिपोर्टमधली 'खडा नाही' ही ओळ पुरेशी नाही. किडनीला सूज लिहिली आहे का पाहा, आणि असेल तर कारण विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं हवं म्हणजे हवं, नसेल तर थांबा, पुन्हा पाणी प्या. शंका राहिली तर बिगर इंजेक्शनचा सीटी करतात, त्यातून खडा सहसा सुटत नाही. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी सांगा. साध्या एक्स-रेवर विसंबू नका. युरिक ॲसिडचा खडा त्यात दिसत नाही, आणि ओटीपोटातल्या शिरांमधले चुन्याचे ठिपके खड्यासारखे दिसतात.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं नाही. खडा तिथेच असतो, कळ नसते आणि आत किडनी बिघडत जाते. रक्तातलं क्रिएटिनिनही बरोबर येऊ शकतं, कारण दुसरी किडनी सांभाळून घेते. म्हणून लघवी गाळून घ्या, खडा हाती आला तर तपासायला द्या. नाही आला तर तपासणी करून तो गेल्याची खात्री करा.

5 मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपसूक पडतो. त्याहून मोठा, 10 पर्यंतचा, कधी पडतो, कधी नाही. नळी सैल करायला टॅमसुलोसिन देतात. मेडिकलवाला चारचौघांत म्हणाला, "ताई, हे तर पुरुषांच्या प्रोस्टेटचं आहे." असू दे. बायकांनाही देतात. पण त्याने उठताना चक्कर येते, आणि मला चालत्या गाडीत तिकिटं फाडायची असतात, हे कुणी आधी सांगितलं नाही. तुम्ही विचारून घ्या. वाट पाहायची ती चार-सहा आठवडे, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा एकच किडनी असेल, तर त्याच रात्री हॉस्पिटल. अडलेल्या लघवीत जंतू शिरले तर जिवावर बेततं. तेव्हा आधी नळी घालून लघवीला वाट करून देतात, खड्याचं नंतर.

हुलग्याचं कढण, पानफुटीची पानं, सगळं मला शेजारून आलं. कढण चवीला बरं होतं. खडा हलला नाही. नवऱ्याला कुणी बिअरचा उपाय सांगितला, तो मात्र त्याने मन लावून ऐकला. कळ चालू असताना घागरभर पाणी प्यायल्यानेही खडा ढकलला जात नाही, दुखणं तेवढं वाढतं.

माझा खडा उतरला नाही, सूज वाढली. शेवटी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने फोडला. पोटावर टाका नाही. पण आत जो स्टेंट ठेवतात, त्याचा त्रास मला खड्याइतकाच वाटला: लघवी करताना कुशीत चमक, गाडीत उभं राहिलं की लालसर लघवी. हे होतं, घाबरायचं नसतं, हे आधी सांगायला काय जात होतं? स्टेंट काढायची तारीख लिहून घ्या. विसरून आत राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: मीठ कमी, लिंबूपाणी चालतं, दूध बंद करायचं नाही, आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी. हा शेवटचा सल्ला देणाऱ्यांनी आमच्या स्टँडवरचं बायकांचं स्वच्छतागृह एकदा पाहावं. आता मी बाटली भरून घेते, पिते, आणि कुलूप दिसलं की कंट्रोलरकडे किल्ली मागते. किल्ली मिळून मी परत येईपर्यंत डबल बेल नाही. प्रवासी ओरडतात. ओरडू देत.