ग्राहकाची पारख

स्वतंत्रपणे सेवा देऊन उपजीविका करणाऱ्या माणसापुढे दोन धोके असतात. लबाड ग्राहकावर विश्वास ठेवला तर श्रम आणि पैसा दोन्ही बुडतात. सर्वांकडेच संशयाने पाहिले तर प्रामाणिक ग्राहकही दुरावतो. मोठ्या कंपनीत चौकशी, वसुली आणि कायदेशीर सल्ला यांसाठी वेगवेगळी माणसे असतात. बंगळूरमध्ये घरी बसून संगणकाचे काम करणारा तंत्रज्ञ, मल्लेश्वरममधील शिकवणी घेणारी शिक्षिका, पीण्या येथील कारखान्यांसाठी यंत्रभागांचे आराखडे काढणारा आरेखक किंवा कन्नड-मराठी भाषांतरकार यांना मात्र ही सारी कामे एकट्यानेच पार पाडावी लागतात. ग्राहक पुष्कळदा समोर येतही नाही. म्हणून त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर व्यवहाराच्या स्वरूपावरून त्याची पारख करणे अगत्याचे ठरते.

लबाड ग्राहकांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गातील माणसाला कामाची गरजच नसते. त्याचा डोळा सेवा देणाऱ्याच्या पैशावर असतो. दुसऱ्या वर्गातील माणसाला काम हवे असते, पण त्याचा मोबदला द्यावयाचा नसतो.

पहिल्या वर्गाचे एक परिचित उदाहरण पाहू. शिक्षिकेला दूरध्वनी येतो. बोलणारा आपण सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगतो आणि ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. बंगळूरच्या छावणीचा इतिहास 1809 पर्यंत मागे जातो आणि आजही शहरात अनेक लष्करी संस्था आहेत. त्यामुळे ही बतावणी येथे सहज खपते. मुलांची इयत्ता, विषय, वेळ यांची तो फारशी विचारपूस करीत नाही. तीन महिन्यांची फी आगाऊ देण्याची तयारी मात्र लगेच दाखवितो आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ एक क्यूआर कोड टिपून पिन घालावयास सांगतो. येथेच फसवणूक आहे. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन घातला की पैसे येत नाहीत, जातात.

याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे ठरल्यापेक्षा अधिक रकमेचा चेक पाठविणे आणि ‘चुकून जास्त गेले, फरक परत करा’ अशी घाई करणे. चेक खात्यावर जमा दिसणे आणि तो वटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चेक न वटता परत येतो, तेव्हा परत केलेला ‘फरक’ स्वतःच्या खिशातून गेलेला असतो. त्याचप्रमाणे पैसे भरल्याचा संदेश किंवा त्याचे चित्र हा पुरावा नव्हे. आपले खाते पाहावे.

यांतून एक साधी कसोटी हाती येते. खरा ग्राहक कामाविषयी बोलतो. तो मुदत विचारतो, पूर्वीचे काम पाहू मागतो, दराबाबत घासाघीस करतो. घासाघीस त्रासदायक वाटली तरी ती बहुधा सुचिन्हच असते. कारण ज्याला द्यावयाचेच नाही, त्याला कोणताही दर चालतो.

दुसऱ्या वर्गाची लक्षणे उशिरा दिसतात. ‘नमुना’ म्हणून बरेच काम फुकट मागणे, एकच मजकूर तुकडे करून अनेक भाषांतरकारांकडून नमुन्याच्या नावाखाली करून घेणे, पुढील मोठ्या कामाचे आमिष दाखविणे, काम हाती पडल्यावर दोष काढू लागणे, हे त्यांचे नेहमीचे मार्ग होत. यांवर उपाय एकच: नमुना अल्प असावा, काही रक्कम आगाऊ घ्यावी, काम हप्त्यांनी द्यावे आणि मागील हप्ता मिळाल्यावाचून पुढील भाग सोपवू नये. अशा अटी सर्वांनाच सारख्या लावल्या, तर कोणाचा अपमानही होत नाही.

संस्थेचे नाव सांगणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक मागावा. तो पंधरा चिन्हांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे कर्नाटकाचे 29 व महाराष्ट्राचे 27, आणि पुढील दहा चिन्हे पॅन क्रमांकाची असतात. शासनाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य तपासता येतो. तथापि खरा क्रमांक लबाड माणूसही वापरू शकतो. म्हणून त्या संस्थेच्या जाहीर दूरध्वनीवर स्वतः चौकशी करावी.

कायद्याचा आधार आहे, पण त्यासाठी लेखी पुरावा लागतो. पैसे न देणे म्हणजे नेहमीच फसवणूक नव्हे. प्रारंभापासूनच हेतू कपटाचा होता असे दिसले, तरच तो गुन्हा ठरतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमात त्याची तरतूद आहे. म्हणून पहिल्या पत्रापासूनचा सर्व व्यवहार जपून ठेवावा. देणे केवळ थकले असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा उपयोग होतो. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. यासाठी उद्यम नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे होय.

पैसे खात्यातून गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेस तत्काळ कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखता येण्याचा संभव असतो. लबाड माणसाचे सर्वात मोठे बळ समोरच्याची घाई हे असते. ‘उद्या कळवितो’ एवढे दोन शब्द उच्चारण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याचे निम्मे संरक्षण झालेच म्हणून समजावे. प्रामाणिक ग्राहक एक दिवस थांबतो.