पोटात गेलेले अंगी लागण्यासाठी

चिखलदरा आणि धारणी या मेळघाटातील तालुक्यांत बालकुपोषणाची चर्चा बहुधा ताटात काय आणि किती पडले, याभोवतीच फिरते. परंतु गिळलेले अन्न लहान आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात उतरेपर्यंत ते शरीराचे झालेले नसते, ही बाब तीत मागे पडते. या अस्तरावर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे आतड्याचा शोषक पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा होतो, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगत असत; २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तो सुमारे ३० चौरस मीटर भरला, आणि तोही काही थोडा नव्हे. भाकरीतील पिष्टापासून सुटलेली शर्करा आणि डाळीतील प्रथिनांचे सुटे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, रसांकुरांतील केशवाहिन्यांतून यकृताकडे जातात, तर बहुतेक स्निग्ध पदार्थ लसिकावाहिन्यांचा वेगळा मार्ग धरतात.

रसांकुरांवरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. पावसाळ्यात झऱ्याचे किंवा उघड्या विहिरीचे दूषित पाणी वारंवार पोटात गेले, तर ही भरपाई मागे पडते, रसांकुर खुजे व बोथट होतात आणि पेशींमधील सांधे सैल पडतात. या अवस्थेला पर्यावरणीय आंत्रविकार म्हणतात. तीत जुलाब दिसतीलच असे नाही, मूल जेवते आणि तरीही वाढत नाही. म्हणून पाणी उकळून गार करून पिणे आणि शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे यांची गणना आहारातच करावी.

जुलाबातही आतड्यातील एक वाट सहसा शाबूत राहते: ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनाद्वारे पेशीत शिरतात व त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. याच तत्त्वावरील जलसंजीवनीने १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी आणि द्रावण २४ तासांत संपवावे. सोबत सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम जस्त १४ दिवस द्यावे, जुलाब आधी थांबले तरीही. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची रीत मात्र सर्वथा घातक आहे, कारण नव्या पेशी घडायला अन्नच लागते. स्तनपान आणि मऊ खिचडी चालूच ठेवावी. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती किंवा पाणीही न पिणे, यांपैकी काहीही दिसल्यास बालकास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

लोहाचे शोषण आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. भाजी-धान्यातील लोह लिंबू वा आवळ्यासोबत अधिक शोषले जाते, तर चहा-कॉफीतील घटक त्यास अडवतात. तेव्हा चिखलदऱ्याची कॉफी कितीही नावाजलेली असली, तरी गरोदर स्त्रियांनी जेवण वा लोहाची गोळी आणि कॉफी यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे.