श्रावण धरण्याआधी

आषाढी अमावास्या उलटली की दारूला स्पर्श न करण्याचा नेम महाराष्ट्रात असंख्य माणसे श्रद्धेने पाळतात आणि अधूनमधून पिणाऱ्याला त्यातून अपाय होत नाही. परंतु सकाळचा घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हातांची थरथर थांबत नाही, अशा व्यसनाधीन माणसाने हाच नेम घरच्या घरी एकाएकी धरला, तर तो जिवावर बेतू शकतो.

मद्य हे मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या 'ग्लुटामेट'चा प्रभाव दाबते. वर्षानुवर्षे हा दाब सोसणारा मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून तोल सावरतो, आणि मद्य अचानक थांबले की ती वाढीव उत्तेजना मोकाट सुटते. यालाच 'विड्रॉवल' म्हणतात. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना 'डिलिरियम ट्रेमेन्स', म्हणजे भास, भ्रम आणि तीव्र थरकाप यांची प्राणघातक अवस्था गाठते.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील एक वडीलधारे गृहस्थ असाच नेम धरल्यावर तिसऱ्या रात्री अंथरुणावरचे नसलेले किडे वेचू लागले, पोटच्या मुलांना ओळखेनासे झाले, आणि ही बाहेरची बाधा समजून अंगारा आणण्यात मोलाचे तास गेले. रुग्णालयात नेल्यावर ते वाचले. अंगारा आणणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण दारू थांबवल्यानेही असे होते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारखी औषधे देऊन ती हळूहळू कमी केली जातात आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचले जाते. थायमिनचा साठा संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणूनच 'अशक्तपणा आहे' एवढेच सांगून लाजेपोटी पिणे लपवणे घातक ठरते. डॉक्टरांना रोजचे प्रमाण आणि शेवटचा पेला कधी घेतला ते स्पष्ट सांगावे. दारू सुटावी म्हणून पिणाऱ्याच्या जेवणात त्याच्या नकळत डायसल्फिराम हे औषध मिसळणे हेही तितकेच धोक्याचे आहे, कारण त्यावर दारू प्यायल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचून रक्तदाब कोसळू शकतो.

नेम मोडावा असे येथे सुचवायचे नाही. तो धरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, ती भेट होईपर्यंत रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये, आणि कोठे जावे हे कळत नसल्यास केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. फिट आली किंवा भास सुरू झाले, तर मात्र सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.