महाडचा मांडव : व्यवस्थेच्या बाजूने एक अभ्यास

‘महाडचा सत्याग्रह’ ही आपण परीक्षेपुरती टीप म्हणून पाठ करतो. २० मार्च १९२७, चवदार तळे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, टीप संपली. पण त्या दिवशी तेथे हजारो माणसे जमली होती. ती उतरली कुठे, जेवली काय, पाणी कुठले प्याली, हे फारसे कोणी विचारीत नाही. माझ्या मते सत्याग्रहाचे खरे कारण याच प्रश्नांत आहे.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही. परंतु गावजेवणाला किती पोती तांदूळ लागेल आणि किती पंगती उठतील, याचा अंदाज घरची वडीलधारी मंडळी उभ्याउभ्या सांगतात. त्या हिशेबात पाणी कोणी धरीत नाही. विहीर असतेच. महाडच्या स्वागत मंडळाला मात्र मार्चमधल्या परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव १९२३ सालीच संमत झालेला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केलेले. आणि तळ्याच्या गावात पाहुण्यांना पाणी विकतचे.

परिषदेहून मिरवणूक तळ्यावर गेली, पाणी प्याली, परत आली. तेवढ्यात हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली आणि जमाव मांडवात घुसला. काहीजण जेवत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. पानावर बसलेल्या माणसाला उठवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ते कोणाच्या पानाविषयी, हे त्या दिवशी कळले.

डिसेंबरची परिषद २५ तारखेला सुरू झाली. आता व्यवस्था आणखी कठीण होती. मांडवाला कोणी जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. गावचे व्यापारी माल देईनात, म्हणून धान्यसामान बाहेरून आणावे लागले. ही खटपट करणारांत अनंतराव चित्रे होते. मनुस्मृतीचे दहन सर्वांना ठाऊक आहे, पण ते झाले ती भूमी आणि तेथले जेवण असे जमवलेले होते.

हजेरी म्हटली की आपल्याला पंचाहत्तर टक्के आठवतात. महाडला तुरुंगात जाण्यास तयार असणारांची नावे लिहून घेतली जात होती. मात्र दरम्यान न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता. इतक्या तयारीने आलेल्या लोकांना पाणी न घेता परत जा म्हणणे, हे मला सर्वांत अवघड काम वाटते. बाबासाहेबांनी ते समजावून सांगितले, लोकांनी ऐकले, आणि अखेर मिरवणूक तळ्याभोवतून शांतपणे फिरून मांडवाकडे परतली. खटला पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला व त्याचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला.