आधीच्या मालकाचा धूर

अगं, परवा तू घरी आलीस, गाडीतून उतरलीस आणि सगळ्यात आधी काय केलंस, आठवतं? फाटकाशीच उभी राहून बाळाचं झबलं हुंगलंस. तू काही बोलली नाहीस. जावईबापू कौतुकाने गाडी दाखवत होते म्हणून मीही गप्प राहिले. पण आरशाला लटकवलेली सेंटची दोन पाकिटं आणि डॅशबोर्डवरची जेलची डबी दिसली, तेव्हाच मला कळलं. घरात चारचाकी आल्याचे पेढे वाटून झाले की "हिला सिगारेटचा वास येतो" हे तोंडातून निघत नाही. माझंही तसंच झालं होतं.

आमची गाडीही सेकंडहँडच. जानेवारीत सकाळी नऊला बघायला गेलो होतो. थंडीचे दिवस, गाडीची चारही दारं उघडी, आत लिंबाच्या सेंटचा घमघमाट. इंजिन ठीक, कागदपत्रं ठीक, सौदा झाला. मार्च लागला, ऊन तापायला लागलं. एका दुपारी लेकीला शाळेतून आणायला निघाले, प्रताप नगर चौकापर्यंतही पोचले नव्हते, तर पानठेल्याला टेकून उभं राहावं तसा वास यायला लागला. आमच्याकडे तेव्हा गाडीत कुणी ओढत नव्हतं. तो धूर आधीच्या मालकाचा होता आणि गाडीबरोबर आमच्या घरी आला होता.

एक गोष्ट आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हा वास हवेत नसतो. हवेत असता तर काचा उघडून रिंग रोडवर दोन चकरा मारल्या की गेला असता. सिगारेटच्या धुरात डांबरासारखा चिकट अंश असतो आणि निकोटिन असतं. दोन्ही काचेवर, छताच्या कापडावर, सीटच्या फोममध्ये, पट्ट्यांच्या विणीत, एसीच्या आतल्या कॉइलवर बसतात. एकावर एक थर चढतो, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यावर तेलाचा चढतो तसाच. थंडीत तो थर निपचित पडून असतो, ऊन लागलं की सुटायला लागतो. म्हणून जानेवारीत नाक फसतं आणि एप्रिलमध्ये सगळं उघडं पडतं.

आणि बाळाच्या झबल्याची तुला वाटलेली काळजी फुकटची नव्हती, हेही सांगते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली यावर काम प्रसिद्ध केलं. पृष्ठभागावर चिकटलेल्या निकोटिनचा हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होतो आणि त्यातून कर्करोगाला कारण ठरू शकणारी नायट्रोसअमाइन नावाची द्रव्यं तयार होतात, असं त्यांना आढळलं. हे आम्ल गॅसच्या शेगडीतून आणि गाड्यांच्या धुरातूनही निघतं. त्यांनी एका सिगारेट ओढणाऱ्याच्या जुन्या ट्रकच्या आतले पृष्ठभागही तपासले, तिथेही ही द्रव्यं सापडली. विझलेल्या सिगारेटच्या या उरलेल्या थराला आता तिसऱ्या हाताचा धूर म्हणतात. तुझं बाळ आठ महिन्यांचं आहे. ते सीटबेल्ट चोखतं, दाराचं हँडल चाटतं, हात तोंडात घालतं. मोठ्या माणसाला तो नुसता वास वाटतो, बाळाच्या मात्र तो पोटात जातो. घाबरू नको, पण "वासच तर आहे" असं म्हणून सोडूही नको.

सेंटची पाकिटं आजच काढून टाक. वासावर वास चढवला की डोकं दुखतं आणि खालचा थर जागेवरच राहतो. कापूर, कॉफीची पूड, संत्र्याची वाळलेली सालं हे सगळं मीही करून पाहिलं आहे. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी संत्रं आणि सिगारेट मिळून तिसराच काहीतरी वास येतो. डांबरगोळ्या तर अजिबात ठेवू नको. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटू शकतात. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आता कामाचं. सुरुवात सीट कव्हरपासून कर, कारण सगळ्यांचं तिथेच चुकतं. जुन्या गाडीवर बहुतेक वेळा रेक्झिनची कव्हरं चढवलेली असतात. विकणारा ती पुसून चकचकीत करतो आणि आपण खूश होतो. खाली मूळ कापडाची सीट तशीच असते, वर्षानुवर्षांचा धूर पोटात घेऊन. माझी कव्हरं काढली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर जळल्याचे तीन काळे ठिपके निघाले आणि मागच्या सीटच्या फटीत खर्ऱ्याच्या चार पन्न्या. खाली चिकटवलेल्या जाड मॅट असतील तर त्याही उचल, त्यांच्याखालच्या गालिच्यात राख मुरलेली असते. डिकीतली स्टेपनीची खोबण विसरू नको. ॲशट्रे काढून साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेव.

सगळं मोकळं झालं की व्हॅक्यूम, तोही नुसता वरवर नाही, प्रत्येक शिवणीतून. मग खायचा सोडा. अर्धा किलो तरी लागतो. कोरड्या सीटवर आणि गालिच्यावर पसर, मऊ ब्रशने आत घोळव, रात्रभर राहू दे, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घे. एकदा केल्याने फरक पडेल, पण समाधान होणार नाही. मी तीन रात्री केलं.

काच, डॅशबोर्ड, दारांची प्लॅस्टिकं, स्टीअरिंग यांना पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. निकोटिन अल्कधर्मी असतं, व्हिनेगर आम्ल, म्हणून ते या थराला सोडवतं. आधी कुठल्यातरी कोपऱ्यात लावून बघ, आणि चामड्याला लावू नको. फडकी पांढरीच घे. पहिलं फडकं विंडशील्डच्या आतून फिरवलं की चहाच्या डागासारखं पिवळं निघेल. निघू दे. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहा, हीच त्याची परीक्षा. व्हिनेगरचा स्वतःचा वास एका दिवसात उडून जातो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र मात्र ओतू नको. फेस बघून काम होतंय असं वाटतं, पण दोघं एकमेकांनाच संपवतात. आणि घरातलं ब्लीच तर व्हिनेगरच्या जवळपासही आणू नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत तो जिवावर बेतेल.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, चिमट्याने अडकवून ठेव आणि सौम्य साबणाने धू. पूर्ण सुकल्याशिवाय आत सोडू नको. बाळाच्या तोंडाशी सगळ्यात जास्त तोच येतो.

छताला जपून हात लाव. धूर वर चढतो, म्हणून सगळ्यात जाड थर छतालाच असतो, आणि सगळ्यात नाजूकही तेच असतं. ते कापड पातळ फोमवर डिंकाने चिकटवलेलं असतं. भिजवलं की डिंक सुटतो आणि छत पोटासारखं खाली लोंबतं. माझ्या शेजारणीच्या गाडीचं झालं होतं, दुरुस्तीला सोड्याच्या शंभर पुड्यांचे पैसे गेले. फवारा फडक्यावर मार, छतावर नाही, आणि घासू नको, टिपत जा. उन्हाच्या झडपाही याच वेळी पूस.

एवढं करूनही एसी लावला की पहिल्या मिनिटाला भपकारा येतो, कारण ओढणारे लोक काचा लावून, आतलीच हवा फिरवत ओढतात. तो सगळा धूर कॉइलमधून हजारदा गेलेला असतो. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काही गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये तो बसवलेलाच नसतो. गॅरेजवाल्याला विचार, आणि असेल तर जुना काढून टाक. मग कॉइल साफ करायचा फोम नळीने आत मारून घे, मळ खालच्या पाइपातून पाण्याबरोबर बाहेर येतो. नंतर बाहेरच्या हवेवर ठेवून, पंखा पूर्ण जोरात, अर्धा तास चालव. हे उघड्यावर कर, बंद पोर्चमध्ये इंजिन चालू ठेवू नको. नवा फिल्टर सगळ्यात शेवटी, जमल्यास कोळशाचा. आधी घातलास तर तोच जुना वास पिऊन बसेल.

कुणीतरी तुला ओझोनचं मशीन लावायला सांगेल. धुऊन झाल्यावरही वास उरला तर ते थोडंफार काम करतं, हे खरं. पण ओझोन फुप्फुसाला वाईट, रबरालाही वाईट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही म्हटलं आहे की माणसाला सुरक्षित ठरेल इतक्या ओझोनने घरातली घाण फारशी जात नाही. म्हणजे घाण जावी इतका सोडायचा तर तो माणसाला सुरक्षित नाही. तान्ह्या बाळाच्या गाडीत मी तरी लावणार नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाला आपण शिव्या घालतो, पण या कामाला तेच कामी येतं. इथे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की सकाळी ओली केलेली सीट चार वाजेपर्यंत सुकते. हेच काम जुलैत केलंस तर फोम ओला राहील, बुरशी धरेल, आणि सिगारेटच्या जागी कुबट वास येईल. आमच्या पोर्चसमोर दारं सताड उघडून एका बाजूला फर्राटा पंखा लावला होता, दोन दिवस. मग नवतपा लागेपर्यंत रोज दुपारी काचा लावून गाडी उन्हात ठेवायची, संध्याकाळी चारही दारं उघडून अर्धा तास सोडायची. उन्हाने जे सुटायचं ते सुटतं, संध्याकाळच्या वाऱ्याने बाहेर जातं. बंद तापलेल्या गाडीत बाळाला एक मिनिटही ठेवायचं नाही, हे तुला सांगायला नको.

तुझी धाकटी जाऊ गाडी बघते आहे म्हणालीस, तिला सांग. गाडी दुपारी दोनला बघायला जा, आणि ती तासभर बंद उभी असू दे. पांढरा रुमाल ओला करून काचेच्या आतून फिरव. आपलं नाक पाच मिनिटांत सरावतं, म्हणून न ओढणारं दुसरं माणूस बरोबर ने. आणि सेंट फारच घमघमत असेल तर पायाखालची मॅट उचलून बघ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, तेव्हा आपल्या शहरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुराचा वास धुता येतो. वायरिंगमध्ये गेलेला गाळ धुता येत नाही.

आता जे आईलाही सांगितलं नव्हतं ते सांगते. एवढं सगळं केलं, महिनाभर गाडी स्वच्छ होती, आणि जूनमध्ये वास परत आला. मी सीटना दोष दिला, पुन्हा सोडा टाकला. मग एक दिवस ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात लायटर सापडलं. ऑफिसहून येताना हे ओढत होते. मला फसवल्यासारखं वाटलं, रात्रभर झोप नाही. विचारलं तर म्हणाले, "काच खाली करूनच ओढतो." काच खाली केल्याने राख बाहेर पडते, धूर पूर्ण बाहेर जात नाही. पण तेव्हा मी वाद घातला नाही. रविवारी गाडी पुसायला त्यांना बरोबर घेतलं आणि विंडशील्ड त्यांच्याकडे दिलं. पिवळं फडकं त्यांच्याच हातात आलं. मी एवढंच म्हणाले, "हे आपल्या लेकीच्या अंगावर बसतं." त्या दिवसापासून गाडीत सिगारेट बंद झाली. सुटायला पुढे वर्ष लागलं, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच्या सरकारी मोफत नंबरवर, १८००-११-२३५६ वर, त्यांनी दोनदा फोन केला. तो नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे, बस-टॅक्सीतही. स्वतःच्या गाडीला तो नियम लागत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून गाडीत अठरा वर्षांखालचं मूल असेल तर ओढता येत नाही. आपल्याकडे तो नियम घरातल्या बाईलाच करावा लागतो, आणि तो करायला लाजू नये असं मला मनापासून वाटतं. जावईबापू ओढत नाहीत, तुझं नशीब. पण तुझ्या दिरांचं, मामाजींच्या मित्रांचं काय? पाहुणा मागच्या सीटवर बसून खिशात हात घालतो तेव्हाच हसून सांगायचं, "भाऊजी, गाडीत नको, बाळ आहे." एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

या रविवारी सकाळी सात वाजता गाडी माझ्याकडे घेऊन ये. बाळाला आईकडे ठेव. व्हॅक्यूम, फर्राटा आणि जुन्या पांढऱ्या चादरीची फडकी माझ्याकडे आहेत, तू फक्त सोडा आणि व्हिनेगर आण. आणि जावईबापूंनाही घेऊन ये, छत त्यांच्याकडून टिपून घेऊ.